सरकारचा प्रश्न, मतदाराचा नकार : ब्रिटन, फेब्रुवारी १९७४

गुरुवार, ७ फेब्रुवारी १९७४ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी संसदेची मुदत संपायला सव्वा वर्षाहून अधिक अवधी असताना सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली. मतदान तीन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला होते. देशात आणीबाणी लागू होती, कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती आणि कोळसा खाणींतले कामगार दोनच दिवसांत संपावर उतरणार होते. अशा वेळी हीथ यांनी लोकांपुढे एकच प्रश्न ठेवला : या देशात राज्य कोणाचे, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचे की कामगार संघटनांचे? उत्तर देताना कोणी अडखळूच नये, अशी या प्रश्नाची बांधणी होती. तरीही मतदार अडखळला, आणि असा अडखळला की मतमोजणी पूर्ण झाल्यावरही राज्य कोणाचे हे चार दिवस ठरेना. या निवडणुकीतल्या द्विधा मतदाराचे वर्णन पुढे बहुतेकांनी गोंधळलेला, वैतागलेला किंवा लहरी असे केले. मला ते पटत नाही. हीथ यांनी पुढे केलेल्या दोन उत्तरांपैकी एक निवडणे त्याला जड गेले, कारण मुळात प्रश्नच त्याला मान्य नव्हता. आणि ही अमान्यता भाबडेपणातून आलेली नव्हती. सरकारच्या चार वर्षांच्या वागणुकीचा हिशेब तिच्यामागे होता.

तो हिशेब १९७० पासून मांडावा लागतो. त्या वर्षीच्या जून महिन्यात हीथ यांचा हुजूर पक्ष ४६.४ टक्के मते आणि ३३० जागा मिळवून सत्तेवर आला. महागाईला लगाम घालू, आजारी उद्योगांना सरकारी पैशावर पोसणार नाही आणि वेतनावर कायद्याचे बंधन आणणार नाही, ही त्या पक्षाची आश्वासने होती. पहिल्याच वर्षात, १९७१ च्या फेब्रुवारीत, दिवाळखोरीत निघालेल्या रोल्स-रॉइस कंपनीचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. त्याच वर्षी संघटनांना कायद्याच्या चौकटीत बसवणारा औद्योगिक संबंध कायदा आला. संघटनांनी तो मानलाच नाही. १९७२ च्या जानेवारीत बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली आणि त्याच महिन्यात खाण कामगारांनी संप पुकारला. बर्मिंगहॅममधल्या सॉल्टली कोक डेपोची फाटके १० फेब्रुवारीला हजारो कामगारांच्या जमावापुढे पोलिसांना बंद करावी लागली. चौकशी समिती नेमून सरकारने कामगारांची बहुतेक मागणी मान्य केली आणि संप मिटला. मग नोव्हेंबर १९७२ मध्ये, जे कधीच करणार नाही म्हणून सांगितले होते ते वेतन व किमतींवरचे कायदेशीर नियंत्रणही आले. यातले प्रत्येक वळण परिस्थितीच्या रेट्याने घेतलेले होते आणि त्याचे समर्थनही करता येईल. पण चार वर्षांत इतक्या वेळा माघार घेतलेले सरकार ‘आता आम्ही ठाम आहोत’ म्हणून मते मागू लागले, तेव्हा ऐकणाऱ्याने मागची पाने उलटून पाहणे स्वाभाविक होते.

शेवटचा पेच ऑक्टोबर १९७३ च्या पश्चिम आशियाई युद्धाने आणला. काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळपास चौपट झाली आणि त्याबरोबर ब्रिटिश कोळशाची किंमतही वाढली. सरकारच्या वेतन धोरणाच्या तिसऱ्या टप्प्याने वाढीची मर्यादा सात टक्क्यांच्या आसपास बांधली होती. खाण कामगार संघाची मागणी होती पृष्ठभागावर काम करणाऱ्याला आठवड्याला ३५ पौंड, भूमिगत कामगाराला ४० आणि प्रत्यक्ष कोळसा फोडणाऱ्याला ४५. ती या मर्यादेत बसणे शक्य नव्हते. १२ नोव्हेंबरला संघाने ओव्हरटाइम बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी आणीबाणी जाहीर झाली. हीथ यांच्या कारकिर्दीतली ती पाचवी. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून तीन दिवसांचा आठवडा सुरू झाला. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम रात्री साडेदहाला बंद होऊ लागले, रस्त्यांवर ताशी ५० मैलांची मर्यादा आली आणि ऊर्जामंत्री पॅट्रिक जेन्किन यांनी लोकांना अंधारात दात घासण्याचा सल्ला देऊन स्वतःचे हसे करून घेतले. ९ जानेवारी १९७४ ला ट्रेड्स युनियन काँग्रेसने तोडगा सुचवला : खाण कामगारांना अपवाद म्हणून वाढ द्या, इतर संघटना त्याचा दाखला देऊन मागण्या करणार नाहीत. सरकारने तो स्वीकारला नाही. असे वचन संघटना पाळू शकल्या असत्या का, ही शंका रास्त होती. पण समेटाची संधी आली आणि सरकारने ती सोडली, ही नोंद मतदाराच्या मनात राहिली.

यानंतर सरकारने जे केले त्याने प्रश्नाचा पायाच ढासळला. हुजूर पक्षातला एक गट जानेवारीपासून ७ फेब्रुवारीला निवडणूक घेण्याचा आग्रह धरत होता. दुसऱ्या गटाला, विशेषतः रोजगारमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांना, समाजात फूट पाडणारी अशी निवडणूक नको होती. हीथ यांनी निर्णय लांबवला. ज्याने पुढे मतदाराला ‘ठामपणे निवडा’ म्हणून सांगायचे, तोच आठवडेच्या आठवडे दोन सल्ल्यांमध्ये अडकून पडला होता. संपाच्या बाजूने ८१ टक्के खाण कामगारांनी कौल दिल्याचे ४ फेब्रुवारीला कळले आणि मगच निवडणूक जाहीर झाली. तीही कशी? निवडणुकीची घोषणा होते न होते तोच सरकारने खाण कामगारांच्या मागणीचा विषय वेतन मंडळाकडे सोपवला आणि त्याचा निष्कर्ष मान्य करू असे सांगितले. म्हणजे हुजूर पक्ष निवडून आला तरी कामगारांना जास्त पैसे मिळण्याची वाट मोकळीच होती. मग निवडणूक कशासाठी? सरकारकडे बहुमत होते, कायदे होते, वेळ होता. राज्य करायला त्याला कोणी अडवले होते? ही शंका विरोधकांच्या सभांपुरती राहिली नाही. हुजूर पक्षाचेच खासदार इनॉक पॉवेल यांनी ही निवडणूक मूलतः फसवी असल्याचे सांगून उमेदवारी नाकारली. जी भूमिका पुढे सोडावीच लागणार हे सरकारला ठाऊक आहे, तिला लोकांकडून मान्यता मागणे त्यांना अनैतिक वाटले. पॉवेल यांचे स्थलांतरितांविषयीचे विचार विषारी होते आणि त्यांच्या रागामागे युरोपीय सामायिक बाजारपेठेचाही मुद्दा होता. तरी या एका बाबतीत त्यांनी जे तर्कशास्त्र मांडले, तेच लाखो सामान्य मतदारांनी आपापल्या भाषेत मांडले असे म्हणायला जागा आहे.

प्रश्न पटला नाही म्हणून दुसरी बाजू आपोआप पटते असे नसते, आणि द्विधा मतदाराची खरी अडचण इथेच होती. मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन हे लोकांना चांगले ओळखीचे होते. १९६४ ते १९७० पंतप्रधान असताना त्यांनीही वेतन गोठवले होते, संघटनांना लगाम घालण्याचा प्रयत्न १९६९ मध्ये करून पाहिला होता आणि माघारही घेतली होती. आता त्यांच्याकडे ‘सामाजिक करार’ होता : सरकारने किमती, घरभाडी आणि कल्याण योजनांकडे पाहायचे, संघटनांनी मागण्यांना आवर घालायचा. करार कागदावर सुबक दिसत होता, मात्र तो पाळण्याची सक्ती कोणावरच नव्हती. शिवाय पक्षाचा डावा गट आणखी उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाच्या गोष्टी करत होता. उपनगरात घर घेतलेल्या, ११ टक्क्यांवर गेलेल्या गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला हीथ यांचा कंटाळा आला होता. पण मजूर पक्षाला मत देणे त्याच्या पचनी पडत नव्हते. उलट, पिढीजात मजूर मतदारांपैकी अनेकांना संघटनांची दांडगाई खुपत होती. तरी हुजूर पक्षाच्या चौकटीपुढे खूण करणे त्यांना बापजाद्यांशी बेइमानी वाटत होती. दोन्हीकडच्या या माणसांची द्विधा एका जातीची नव्हती. त्यांना जोडणारी गोष्ट एकच : आपल्याला दिलेल्या दोन पर्यायांत आपली जागा नाही, ही जाणीव.

तिसरा पर्याय तेव्हा नुकताच डोळ्यात भरू लागला होता. लिबरल पक्षाला १९७० मध्ये साडेसात टक्के मते आणि सहा जागा मिळाल्या होत्या. पक्षनेते जेरेमी थॉर्प स्वतः नॉर्थ डेव्हनमधून अवघ्या ३६९ मतांनी तरले होते. मात्र १९७२ च्या ऑक्टोबरपासून पोटनिवडणुकांत चित्र पालटले. रॉचडेलची जागा त्यांनी मजूर पक्षाकडून घेतली. सटन अँड चीम, आयल ऑफ एली, रिपन आणि बेरिक-अपॉन-ट्वीड या जागा हुजूर पक्षाकडून. गिरणी वस्ती, लंडनचे उपनगर, पूर्वेकडचा शेतीप्रधान पट्टा, यॉर्कशरचे गाव आणि स्कॉटलंडच्या सीमेवरचा मतदारसंघ : इतक्या वेगळ्या ठिकाणी एकच पक्ष जिंकतो, तेव्हा त्याचे कारण स्थानिक नाराजीपलीकडे शोधावे लागते. १९७३ च्या मार्चमध्ये लिंकनमध्ये डिक टॅव्हर्न यांनी मजूर पक्ष सोडून, त्याच पक्षाच्या उमेदवाराला हरवून जागा राखली. त्यातही हाच सूर होता. काठावरची जागा सांभाळण्यासाठी थॉर्प यांनी बहुतेक प्रचार आपल्या मतदारसंघातल्या बार्नस्टॅपलमध्येच बसून केला आणि लंडनच्या पत्रकारांशी ते दूरचित्रवाणीच्या खास जोडणीवरून बोलत राहिले. रोजच्या लंडनी धुळवडीपासून दूर राहिल्याचा त्यांना फायदाच झाला. दोन मोठे पक्ष एकमेकांवर ओरडत असताना समजुतीची भाषा बोलणारा माणूस अशी त्यांची प्रतिमा तयार झाली. लिबरल कार्यक्रमात नेमके काय आहे हे बहुतेकांना सांगता आले नसते. तो कार्यक्रम निवडला गेला असा माझा दावाही नाही. निवडली गेली ती भांडणाच्या बाहेरची जागा.

प्रचाराच्या तीन आठवड्यांत घडलेल्या घटनांनी हीथ यांचा प्रश्न दिवसेंदिवस फिका पाडला. १९७२ सारखी हाणामारी झाली असती तर ‘राज्य कोणाचे’ याला रोज रात्री पडद्यावर पुरावा मिळाला असता. खाण कामगार संघाचे अध्यक्ष जो गॉर्मली यांना निवडणूक होईपर्यंत संप पुढे ढकलायचा होता. त्यांच्या कार्यकारिणीने ते मानले नाही, पण संप अतिशय शांतपणे चालवला गेला आणि फाटकावरच्या निदर्शकांची संख्या सहावर रोखली गेली. निवडणुकीमुळे साडेदहाचे बंधन उठून दूरचित्रवाणीही पूर्ववत सुरू झाली. संकट आहे असे सरकार सांगत होते, पण घरात बसलेल्या माणसाला ते दिसेनासे झाले. दिसत होती ती किराणा मालाची बिले. २१ फेब्रुवारीला वेतन मंडळाकडून आकड्यांची नवी मांडणी बाहेर आली : खाण कामगारांची मिळकत कारखान्यांतल्या कामगारांपेक्षा जास्त असल्याचे सांगितले जात होते, प्रत्यक्षात ती कमी निघत होती. २५ तारखेला जानेवारीच्या परदेशी व्यापारातली ३८ कोटी ३० लाख पौंडांची विक्रमी तूट जाहीर झाली. त्याच सुमारास पॉवेल यांनी, युरोपीय सामायिक बाजारपेठेबद्दल लोकांचा कौल घेऊ म्हणणाऱ्या मजूर पक्षाला मत देण्याचे सुचवले आणि आपण स्वतः टपालाने तसेच मत दिल्याचे सांगितले. २६ तारखेला उद्योगपतींच्या महासंघाचे प्रमुख कँपबेल अॅडम्सन यांचे, औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा असे मत बाहेर आले. संघटना, उद्योगपती, सरकारी आकडेवारी आणि हुजूर पक्षाचा माजी मंत्री, असे चार साक्षीदार एका आठवड्यात सरकारच्या बाजूने उभे राहिनात. अशा वेळी निर्णय लांबवणाऱ्या मतदाराला चंचल म्हणणे अन्यायाचे आहे. तो साक्षी ऐकत होता.

निकालाचे आकडे आता पाहू. हुजूर पक्षाला १ कोटी १८ लाख ७२ हजार मते मिळाली, मजूर पक्षाला १ कोटी १६ लाख ४५ हजार, लिबरल पक्षाला ६० लाख ५९ हजार. टक्केवारी अनुक्रमे ३७.९, ३७.२ आणि १९.३. हुजूर पक्षाच्या मतांत १९७० च्या मानाने जी घट झाली तिचा काही भाग उत्तर आयर्लंडमधले मित्रपक्ष वेगळे झाल्याचा आहे. तो वजा केला तरी पक्षाने लाखो मते गमावली. सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाचीही मते पाच लाखांहून अधिक घटली. १९५१ मध्ये दोन मोठ्या पक्षांना मिळून जवळपास ९७ टक्के मते होती, १९७० मध्ये ८९.५, आता ती ७५ वर आली. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आकडा मतदानाचा आहे. १९७० मध्ये ७२ टक्के मतदान झाले होते. फेब्रुवारीच्या थंडीत ते ७८.८ वर गेले. मतदारयादी अगदी ताजी असल्यामुळे यातली थोडी वाढ कागदोपत्री म्हणता येईल. तरी प्रत्यक्ष मते २ कोटी ८३ लाखांवरून ३ कोटी १३ लाखांवर गेली, हे यादीच्या ताजेपणाने समजावता येत नाही. गोंधळलेला माणूस घरी बसतो, वैतागलेलाही बसतो. इथे लोक अधिक संख्येने बाहेर पडले आणि दोन्ही मोठ्या पक्षांना कमी मते देऊन आले. राजकारणाकडे पाठ फिरवणाऱ्यांचे हे वागणे नव्हते.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचाच घेतला जातो. लिबरल पक्षाने १९७० मध्ये ३३२ उमेदवार उभे केले होते, १९७४ च्या फेब्रुवारीत ५१७; उमेदवार वाढले म्हणून मते वाढली, त्यात नवा कौल कसला? आक्षेप योग्य आहे, मात्र त्याने फार थोडे सिद्ध होते. प्रत्येक लिबरल उमेदवारामागे १९७० मध्ये सरासरी सुमारे ६,४०० मते होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये ती ११,७०० वर गेली. नव्याने लढवलेल्या जागा सहसा कमकुवत असतात, म्हणजे सरासरी घसरायला हवी होती. ती पावणेदोन पटींहून अधिक झाली. थॉर्प यांचे ३६९ चे मताधिक्य ११,०७२ झाले. तिसरा पर्याय जिथे आधीपासून होता तिथेही लोक त्याच्याकडे वळले, आणि जिथे नव्हता तिथे तो मिळताच त्यांनी घेतला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. राजकीय अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले की साठीच्या दशकापासूनच ब्रिटनमध्ये वर्गनिष्ठा आणि पक्षनिष्ठा सैल होत चालल्या होत्या. पक्षाशी घट्ट नाते सांगणाऱ्यांचे प्रमाण सातत्याने उतरत होते. आयव्हर क्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियेचा तपशीलवार अभ्यास केला. मग १९७४ मधली द्विधा हा त्या दीर्घ प्रवाहाचा एक टप्पा, हीथ यांच्या प्रश्नाशी तिचा संबंध काय? दीर्घ प्रवाह मला मान्य आहे. पण प्रवाह वर्षानुवर्षांचा असतो आणि इथली हालचाल तीन आठवड्यांतली आहे. मोहिमेच्या सुरुवातीला जनमत चाचण्यांत लिबरल पक्ष जेमतेम १२ टक्क्यांच्या आसपास होता, शेवटी तो २० च्या घरात गेला. सैल झालेल्या निष्ठांमुळे लोक हलू शकत होते; त्यांना नेमके याच तीन आठवड्यांत आणि दोन्ही पक्षांपासून दूर कशाने हलवले, याचे उत्तर निष्ठांच्या आलेखात मिळत नाही. पुढचा पुरावाही इकडेच बोट दाखवतो. ऑक्टोबर १९७४ मध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा लिबरल पक्षाने ६१९ जागा लढवल्या, तरी एकूण मते ५३ लाखांवर उतरली आणि सरासरी ८,६०० वर, मतदानही ७२.८ टक्क्यांवर आले. तोवर संप मिटला होता, ‘राज्य कोणाचे’ हा प्रश्न फलकांवरून उतरला होता. फेब्रुवारीतली लिबरल मते पक्षावर जडलेल्या प्रेमाची असती तर ती टिकली असती. प्रश्न गेला तसा त्याला दिलेला नकारही ओसरला.

तिसरा आक्षेप हुजूर पक्षाच्या बाजूने येतो. सर्वाधिक मते शेवटी त्यांनाच मिळाली, अखेरच्या जनमत चाचण्यांतही त्यांचीच आघाडी होती, आणि संघटना फार शिरजोर झाल्या आहेत असे तेव्हाच्या बहुसंख्य ब्रिटिश लोकांना वाटत होते. मग लोकांनी प्रश्न नाकारला हे म्हणणे ताणलेले नाही का? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. संघटनांच्या ताकदीची चिंता असणे वेगळे आणि त्या चिंतेवर हीथ यांना पुन्हा निवडणे हाच उपाय आहे असे मानणे वेगळे. पहिले बहुसंख्यांना मान्य होते. दुसरे १०० पैकी ३८ जणांनाच पटले. उरलेल्या ६२ जणांत मजूर पक्षाचे समर्थक होतेच, पण दोन्ही बाजूंना नाकारणारे जवळपास २५ होते. स्वतःच्या एकमेव मुद्द्यावर, स्वतः निवडलेल्या दिवशी लढलेल्या निवडणुकीत सरकारची टक्केवारी आठ अंकांनी घसरावी, यात समर्थन शोधणे कठीण आहे.

नकाशावर पाहिले तर हा नकार आणखी स्पष्ट होतो, कारण प्रत्येक प्रदेशाने हीथ यांच्या प्रश्नाच्या जागी आपला प्रश्न ठेवला. उत्तर समुद्रात सापडलेल्या तेलावर हक्क सांगणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला स्कॉटलंडमध्ये २१.९ टक्के मते आणि सात जागा मिळाल्या. उत्तर आयर्लंडमध्ये खाण कामगारांचे नावही फारसे कोणाच्या ओठी नव्हते. तिथे लढाई सत्तावाटपाच्या सनिंगडेल कराराची होती आणि त्याला विरोध करणाऱ्या युनियनवाद्यांनी १२ पैकी ११ जागा घेतल्या. एरवी हुजूर पक्षाच्या बाकांवर बसणारे हे खासदार पाठीशी असते तर हीथ यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला असता. पॉवेल यांचा शब्द चालणाऱ्या वेस्ट मिडलंड्समध्ये मजूर पक्षाकडचा कल इतर भागांपेक्षा जास्त होता. ‘राज्य कोणाचे’ याचा अर्थ एडिंबरामध्ये तेलाचे उत्पन्न कोणाचे असा होता, बेलफास्टमध्ये प्रांतावर सत्ता कोणाची असा, तर पॉवेल यांच्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये कायदे लंडनने करायचे की ब्रुसेल्सने असा. एकाच मतपत्रिकेवर इतके वेगळे प्रश्न सोडवले जात असताना लोकांकडे सांगण्यासारखे काही नव्हते, असे कोण म्हणेल?

हे म्हणणे सरकारच्या रूपात उतरवणारी यंत्रणा मात्र नव्हती. प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही ब्रिटनची पद्धत भारतानेही घेतली, त्यामुळे तिचे गणित मराठी वाचकाला नवे नाही. ६३५ जागांपैकी मजूर पक्षाला ३०१ मिळाल्या, हुजूर पक्षाला २९७, लिबरल पक्षाला १४. मजूर पक्षाच्या एका खासदारामागे ३९ हजार मते होती, हुजूर पक्षाच्या एका खासदारामागे ४० हजार आणि लिबरल खासदारामागे सुमारे ४ लाख ३३ हजार. कार्मार्थनमध्ये मजूर पक्ष तीन मतांनी जिंकला, बॉडमिनमध्ये लिबरल उमेदवार नऊ मतांनी. कुठे तीन मतांनी खासदार ठरत होता, तर कुठे लाखो मतांचा मागमूस उरत नव्हता. शनिवार-रविवारी हीथ यांनी थॉर्प यांना बोलावून आघाडीची बोलणी केली. लिबरल पक्षाला निवडणूक पद्धतीत बदल हवा होता. हीथ सभापतींच्या अध्यक्षतेखालील परिषदेपलीकडे ठोस काही देईनात, आणि ज्यांना हटवण्यासाठी मते मिळवली त्यांनाच सत्तेत बसवणे लिबरल कार्यकर्त्यांनाही रुचणारे नव्हते. शिवाय दोघांची बेरीजही बहुमताला पुरत नव्हती. ४ मार्चला हीथ यांनी राजीनामा दिला. विल्सन यांच्या अल्पमतातल्या सरकारने दोन दिवसांत खाण कामगारांशी समेट केला.

सर्वांत वजनदार आक्षेप परिणामांचा आहे. प्रश्न नाकारून मतदाराने काय साधले? दुबळे सरकार आले, १९७५ मध्ये महागाई २४ टक्क्यांवर गेली, १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला आणि १९७८-७९ च्या हिवाळ्यातल्या संपांनी सामाजिक कराराचे धिंडवडे निघाले. संघटनांचा प्रश्न खरा होता, तो फक्त पाच वर्षे लांबला, असे हीथ यांचे पाठीराखे म्हणू शकतात. यात तथ्य आहे. खरा प्रश्न अवेळी आणि अविश्वसनीय तोंडून विचारला गेला तर त्याचे नुकसान होते. ते ब्रिटनने सोसले. मात्र नुकसानीचा दोष मतदाराच्या माथी मारता येत नाही. १९७९ च्या मे महिन्यात तोच प्रश्न पुन्हा समोर आला तेव्हा मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाला ४३.९ टक्के मते आणि ३३९ जागा मिळाल्या, आणि लिबरल पक्ष १३.८ टक्क्यांवर आला. त्या वेळी वेतन मर्यादा मोडणारे संप लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, सरकार बदलल्याने धोरण बदलणार हे उघड होते, आणि विचारणाऱ्या पक्षाने तो प्रश्न स्वतःच्या अपयशावर पांघरूण म्हणून आणलेला नव्हता. अवघड प्रश्नाला उत्तर देण्याची या मतदाराची तयारी होती. फेब्रुवारीत त्याला अडवले होते ते उत्तराने काहीच बदलणार नाही या रास्त संशयाने.

जनमत चाचण्यांच्या तक्त्यात ‘अजून ठरले नाही’ असे म्हणणाऱ्यांचा एक रकाना असतो. तो बहुतेकदा वजा केला जातो किंवा इतर रकान्यांत वाटून टाकला जातो. जणू त्या माणसांचे मत तयार व्हायचे आहे, आज ना उद्या ते इकडे किंवा तिकडे जाईल. फेब्रुवारी १९७४ दाखवते की त्या रकान्यात पूर्ण तयार मतही असू शकते. फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसते. प्रश्न ज्या हेतूने, ज्या वेळी आणि ज्याने विचारला त्याविषयीचे मत असते. ब्रिटनने निवडणूक पद्धत बदलली नाही. २०११ च्या सार्वमतात तर जवळपास ६८ टक्क्यांनी बदल नाकारला. तरी २०२४ मध्ये दोन मोठ्या पक्षांची एकत्रित मते ५७ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि मजूर पक्षाने ३४ टक्क्यांहून कमी मतांवर जवळपास दोन-तृतीयांश जागा घेतल्या. दोनच उत्तरांची सक्ती करणारी चौकट टिकून आहे, आणि तिच्यात न मावणारे लोक वाढत गेले आहेत. अशा लोकांना लवकर ठरवा म्हणून दटावणाऱ्या प्रत्येक सरकारने आधी हीथ यांचा दाखला तपासून पाहावा : मतदाराकडून स्पष्ट उत्तर हवे असेल, तर त्या उत्तराने काय बदलेल हे विचारणाऱ्यानेच आधी सांगावे लागते.